नवव्या वहीतलं पत्र

आयुष्यात मी एकच पुस्तक मराठीत आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी छापणार नव्हतं. आणि त्याच्यापायी मला जे ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्या लग्नात मानपानावरून माझ्या आईलाही ऐकावं लागलं नसेल.

मूळ पुस्तक इंग्रजी. अंतराळातल्या लढायांची जाडजूड कादंबरी. तिकडे म्हणे ती फार गाजलेली, जुन्यातली मानाची. सत्तरच्या सुमाराला, कॉलेजात असताना, मी ती फोर्टातल्या फुटपाथवर घेतली. मुखपृष्ठावर अग्निबाण आणि त्याला टेकून उभी एक अर्धेमुर्धे कपडे घातलेली बाई. ही बाई आतल्या सहाशे पानांत कुठेही नाही. तरी तिच्यामुळे आधी आईने आणि मग सासूबाईंनी त्या पुस्तकाकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेला कंटाळून मी त्याला खाकी कव्हर घातलं ते घातलंच.

गोष्ट अशी होती. पाच सूर्यांचं एक साम्राज्य. त्याचं दूरच्या एका साम्राज्याशी पिढ्यान् पिढ्या युद्ध चाललेलं. ते थांबवायला एक म्हातारा कप्तान तीनशे माणसं घेऊन निघतो. जायलाच बारा वर्षं लागतात. वाटेत लढाया, फितुरी, बंड. शेवटी कप्तान आपल्या माणसांना लहान लहान यानांतून परत पाठवतो आणि एकटा आपलं मोठं यान शत्रूच्या आरमारासकट एका धगधगत्या ताऱ्यात घालतो. ते शेवटचं प्रकरण मी निदान दहा वेळा वाचलं असेन आणि दहाही वेळा रडले असेन. लग्नाच्या वेळी माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ते पुस्तक होतं.

ऐंशी सालानंतर आम्ही वाशीला राहायला आलो. तेव्हा वाशीत इमारती होत्या, रस्ते होते, आणि माणसं अजून यायची होती. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की बाल्कनीतले कपडे सानपाड्याच्या शेतापर्यंत जायचे. नवरा जवळच्या पावणे गावातल्या एका रसायनांच्या कारखान्यात, मी बेलापूरला एका कचेरीत. पाणी सकाळी तासभर, तेही तळमजल्याला. एका सकाळी पाण्याची बादली घेऊन जिना चढताना माझा पाय सटकला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर चढलं. तीन महिने घरी.

या सगळ्याची सुरुवात तिथे झाली.

खालच्या मजल्यावरच्या काकू रोज दुपारी विचारपूस करायला यायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या, साठीच्या, विधवा, मुलाकडे राहणाऱ्या. येताना वाटीभर काहीतरी आणायच्या, म्हणून त्यांना टाळता यायचं नाही आणि टाळावंसं वाटायचंही नाही. माझ्या हातातलं खाकी पुस्तक बघून एक दिवस म्हणाल्या, "काय गो वाचतेस एवढं? परीक्षा आहे काय?"

मी त्यांना गोष्ट सांगायला घेतली. चार दुपारी सांगितली. काकू डोळे विस्फारून ऐकत होत्या. मला वाटलं, आहा, काय श्रोता मिळाला! आणि पाचव्या दिवशी जिन्यात त्या कुणाला तरी हीच गोष्ट सांगताना मी आतून ऐकली. त्यांच्या गोष्टीत कप्तान चंद्रावर गेला होता, तिथे त्याच्या भावांनी त्याची जमीन लाटली होती, आणि तो कोर्टात जायच्या बेतात होता.

मी प्लॅस्टरवर हात आपटून घेतला. नवऱ्याला त्याच दिवशी शंभर पानी वह्या आणायला सांगितल्या. म्हटलं, एकदाच काय ते नीट लिहून ठेवते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

पहिल्या पाच वह्या त्या तीन महिन्यांत झाल्या. पुढच्या सहा कामावर जायला लागल्यावर, रविवारी आणि डबा खाऊन उरलेल्या वेळात. सगळ्याला मिळून वर्षावर काळ गेला. वही पूर्ण झाली की ती बाहेर पडायची आणि मी पुढची लिहायला घ्यायची. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मी वाचणाऱ्यांचा क्रम लिहिला होता, आणि शेवटची दोन पानं कोरी ठेवून वर लिहिलं होतं, "वाचकांनी आपला अभिप्राय मोकळेपणाने लिहावा." ही माझी मोठी चूक. लोक मोकळेपणाने लिहितात.

क्रमात पहिलं नाव समोरच्या दाराच्या भाभींचं. त्या कोकणी मुसलमान, श्रीवर्धनच्या बाजूच्या. शाळा मराठीतून झालेली. नवरा तेलवाहू बोटीवर सेकंड इंजिनियर, वर्षातले नऊ-दहा महिने दर्यावर. घरात त्या आणि दुसरीतला मुलगा. त्या वही दोन दिवसांत वाचून, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, पुढच्या माणसाला नेऊन द्यायच्या. अभिप्रायाच्या पानावर मात्र एक अक्षर नाही. मला वाटायचं, बाईला यातलं काही कळत नसावं. शेजारधर्म म्हणून वाचतेय.

दुसऱ्या काकू. त्यांचे अभिप्राय पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात. पहिल्या वहीत: "तीनशे माणसांचे जेवण कोण करते ते लिहिले नाही." दुसऱ्या वहीत: "पाणी कोठून येते? टाकी केवढी आहे?" मी त्यांना समजावलं की काकू, ही साम्राज्यांच्या युद्धाची गोष्ट आहे. काकू म्हणाल्या, "असू दे ना. पण युद्ध करायचं तरी आंघोळ करूनच ना गो?" तिसऱ्या वहीपासून मी स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं की यानात पाण्याची उत्तम व्यवस्था होती. त्यावर काकूंचा अभिप्राय: "कशी?"

तिसरे सर. निवृत्त मुख्याध्यापक, सांगलीकडचे, सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी पहिली वही परत केली तेव्हा मला वाटलं, वहीवर कुंकू सांडलंय. प्रत्येक पानावर लाल शाईच्या खुणा. माझे ऱ्हस्व-दीर्घ तर तपासलेच होते, पण "धगधगता तारा" खाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, "तारा धगधगत नाही, तळपतो." शेवटी: "विषय परका. हस्ताक्षर सुधारावे. दहापैकी पाच." मी एका मुलाची आई, सरकारी नोकरीत बारा वर्षं काढलेली बाई, आणि मला पाच गुण! दुसऱ्या वहीला साडेपाच मिळाले तेव्हा मला आनंद झाला, याचा मला आणखी राग आला.

आणि सगळ्यांवर कडी नवऱ्याची. त्याने एक पानही वाचलं नाही. पण मी जेवताना काही सांगायला लागले की त्याचं सुरू.

"तुझ्या लढाईत स्फोटांचे आवाज येतात?"

"येतात."

"पोकळीत आवाज येत नाही."

"अरे, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असली तरी हवा लागते."

पुस्तक न वाचलेल्या माणसाची त्या पुस्तकाबद्दल इतकी ठाम मतं असू शकतात हे मला संसारात कळलं.

सहावी वही चालू असताना भाभींच्या सासूबाई गावी वारल्या. भाभी मुलाला घेऊन गेल्या, महिना-सव्वा महिन्याने परत आल्या. आम्ही दोघं भेटायला गेलो. काय बोलावं ते मला सुचेना. "तुमच्या यजमानांना यायला जमलं नसेल," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाही. लांब हायेत." मग त्यांनी आम्हाला सरबत दिलं आणि विचारलं, "सातवी वही झाली?" मी सुटल्यासारखी वही आणायला गेले.

आठवी, नववी, दहावी झाली. नवव्या वहीत कप्तानाचं यान शेवटचं ठाणं ओलांडून पुढे जातं, जिथून मागे संदेश पाठवता येत नाहीत. त्या वहीला सरांनी नऊ गुण दिले. खाली लिहिलं होतं, "मधल्या पानांत हस्ताक्षरही सुधारले आहे." मी तो शेरा वाचून खूश झाले आणि आतली पानं न चाळताच वही पुढच्या वाचकाकडे धाडली. शेवटचं प्रकरण डोक्यात घोळत होतं, मागे वळून बघायला वेळ कुणाला होता!

अकरावी वही संपून सगळ्यांकडे फिरून आली, तेव्हा सरांनीच सुचवलं की सोसायटीच्या कचेरीत एकदा चर्चा ठेवू. रविवारी दुपारी चार वाजता. दहा-बारा माणसं जमली. मी चहा करून नेला, चिवडा नेला, अकराही वह्या टेबलावर ओळीने मांडल्या. साडी चांगली नेसले होते. मला वाटत होतं, आज कुणीतरी कप्तानाच्या शेवटाबद्दल बोलेल. ज्या ओळींवर मी पंधरा वर्षं रडत आले होते, त्या ओळी माझ्या मराठीत वाचून कुणाच्या तरी घशाशी काही आलं असेल, एवढीच माझी अपेक्षा होती.

सर उभे राहिले. म्हणाले, "अनुवादात दोष पुष्कळ आहेत. पण ते पत्र! ते पत्र मात्र मी दोनदा वाचलं."

"मी तीनदा," काकू म्हणाल्या. "आणि दुपारची झोप गेली माझी. त्या बायकोने सासू गेल्याचं लिहिलंनच नाही बघा."

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे एरवी फक्त पाण्याच्या पंपाबद्दल बोलत, तेही म्हणाले, "पत्र एकदम मस्त होतं. बाकी सगळं यान-बिन ठीक आहे."

मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "कुठलं पत्र?"

"अहो, कुठलं म्हणजे? नवव्या वहीतलं," सर म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय ना?"

मी नववी वही ओढली. मधोमध, जिथे टाचण्या असतात तिथे, चार पानं जास्तीची होती. तशाच रेघांच्या दुसऱ्या वहीतून काढून नीट टाचलेली. अक्षर गोल, सुबक, माझं नव्हेच. सरांची लाल शाई त्यांवर एकाही ठिकाणी नव्हती.

मी घाईघाईने नजर फिरवली. कप्तानाची बायको घरी आहे. त्याचा दीड वर्षापूर्वीचा निरोप तिला आज मिळतो. ती उत्तर लिहायला बसते. "घराला चुना काढला. शेळीला दोन करडं झाली. धाकट्याचा पुढचा दात पडला, तुम्हाला दाखवायचा म्हणून डबीत ठेवलाय. अम्मा बऱ्या आहेत. सकाळी उन्हात बसतात." आणि पुढे: "अम्मांना जाऊन चार महिने झाले होते. तिने ते लिहिलं नाही. पत्र पोचेल तेव्हा त्याने रडायचं ते कुणाजवळ?"

पण त्या दुपारी मला त्यात एकच गोष्ट दिसली. शेळी! माझ्या पाच सूर्यांच्या साम्राज्यात कुणीतरी शेळी बांधली होती.

"हे पुस्तकात नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "कुणीतरी घुसडलंय हे! मूळ पुस्तकात असं काही नाही!"

मग काकू म्हणाल्या, "का नाही?"

"का नाही म्हणजे? लेखकाने लिहिलं नाही!"

"मग तिकडचे लोक घरी पत्रं पाठवीत नाहीत काय गो?"

सरांनी चष्मा पुसला. "मूळ लेखकाकडून ही त्रुटीच राहिली म्हणायची," ते म्हणाले. नवरा मागे चिवडा खात उभा होता, तो हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने बशी खाली ठेवली.

दाराजवळच्या खुर्चीवर भाभी बसल्या होत्या. त्या उठल्या, "दूध ठेवून आले आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मग मला अक्षर ओळखू आलं. बोटीवर जाणाऱ्या पाकिटांवरचा पत्ता त्याच अक्षरात असायचा. त्यांची पत्रं पेटीत टाकायला त्या कधी कधी माझ्याकडे द्यायच्या.

मी टाचण्या उचकटून ती चार पानं काढली. चर्चा पुढे चालू राहिली, पत्राबद्दलच. कप्तानाच्या मरणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दिवेलागणीच्या आत मी समोरचं दार ठोठावलं. भाभींनी दार उघडलं. मी पानं पुढे केली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"का?"

"मला वाटलं, तुमच्याकडून लिहायचं राहिलं."

"मूळ पुस्तकातच नाही ते!"

"मग त्यांच्याकडून राहिलं असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोठं पुस्तक हाय."

"भाभी, दुसऱ्याच्या पुस्तकात असं आपल्या मनाचं घालता येत नाही."

त्या म्हणाल्या, "तुम्ही पाण्याची व्यवस्था घातलीत ना? काकी सांगत होत्या."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "तुमची पानं तुम्ही ठेवा," मी म्हटलं. त्यांनी ती घेतली, घडी घातली. "चहा घ्याल?" मी नको म्हटलं आणि माझ्या दारात आले. दोन दारांत चार पावलांचं अंतर. तेवढ्यात मला तीनदा वाटलं, परत जावं. गेले नाही.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. वह्यांची कीर्ती पलीकडच्या इमारतीत पोचली होती, आणि येणारा प्रत्येक जण पत्रासाठीच येत होता. "ती पत्रवाली वही आहे का?" मी म्हणायची, पत्र नाही, बाकी सगळं आहे. लोक म्हणायचे, मग राहू दे. एक बाई नववी वही घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी तावातावाने परत आली, की तुम्ही पानं फाडलीत, टाचण्यांची भोकं दिसतायत. काकूंनी तर पत्र तोंडी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सांगण्यात शेळीची म्हैस झाली होती. पण आश्चर्य म्हणजे, बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. माझ्या अख्ख्या कादंबरीचं ज्यांनी कोर्टप्रकरण केलं होतं, त्या काकू पत्रातलं एक वाक्य इकडचं तिकडे करत नव्हत्या.

भाभी आणि मी जिन्यात भेटलो की हसायचो. बोलायचो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी इंग्रजी पुस्तक पुन्हा काढलं. मला पुरावा हवा होता. एवढं मोठं पुस्तक, कुठेतरी घरच्यांचा उल्लेख असणारच. तो दाखवून सगळ्यांची तोंडं बंद करायची असं मी ठरवलं. पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून बसले. चार दिवस लागले. दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य सापडलं: हिरव्या ग्रहावर कधीकाळी कप्तानाची बायको होती. बस. तिला नाव नाही. तीनशे माणसं बारा वर्षांसाठी निघतात आणि एकालाही पोचवायला कुणी येत नाही. सहाशे पानांत कुणाच्या घरी कुणी वाट बघत नाही. हे पुस्तक मी कितीदा तरी वाचलं होतं, सगळं माझ्या हाताने लिहिलं होतं, आणि हे मला एकदाही खटकलं नव्हतं. माझी पंधरा वर्षांची माया होती त्या पुस्तकावर. त्या दिवशी मला त्याला भिंतीवर फेकून मारावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फराळाचं ताट घेऊन मी समोर गेले. आत बसले. म्हटलं, "भाभी, ती चार पानं मला परत द्याल? वहीत लावते. तुमचं नाव घालून."

भाभी ताट रिकामं करत होत्या. म्हणाल्या, "ती नाहीयेत."

"फाडलीत?"

"नाही हो. धाडली. यांना."

"बोटीवर?"

त्या माझ्यासमोर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सासूबाई गेल्या तेव्हा सासऱ्यांनी घरात सगळ्यांना बजावलं, मुलाचा करार संपेपर्यंत त्याला कळवायचं नाही. त्याला मधेच येता येणार नव्हतं. दर्यात एकटा पोरगा, तिथे रडून काय करील? घरातल्या मोठ्यांनी मान डोलावली. पण पत्रं लिहायची होती भाभींना. महिन्याला दोन, कंपनीच्या कचेरीमार्फत, पुढच्या बंदरावर पोचणारी. तो प्रत्येक पत्रात विचारायचा, अम्मा कशी आहे? आणि त्या प्रत्येक पत्रात लिहायच्या, अम्मा बऱ्या आहेत, सकाळी उन्हात बसतात.

"सात महिने," त्या म्हणाल्या. "हाताला सवय झाली होती. पेन ठेवलं की आपोआप यायचं, अम्मा बऱ्या आहेत. मला माझीच भीती वाटायला लागली."

त्यांनी रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही पानं परत दिलीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाकिटात घातली. दुसरं काही लिहिलं नाही. नुसती पानं."

"आणि?"

त्या उठून आत गेल्या, एक निळा कागद घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. परक्याचं पत्र वाचू नये, पण त्यांनीच दिलं होतं. वर मुलाची चौकशी होती, हवेचं होतं. खाली एक ओळ: "कळलं. कोणत्या दिवशी, तेवढं लिही."

"लिहिलंत?"

"लिहिलं. सगळं लिहिलं. शेवटी काय बोलल्या, कुठे ठेवलं, कोण कोण आलं. सासरे रागावले माझ्यावर. रागावू देत."

मी म्हटलं, "भाभी, मी त्या दिवशी सगळ्यांच्या देखत..."

"तुम्ही माझं नाव कुठे घेतलंत?" त्या म्हणाल्या. आणि मग, कदाचित माझा चेहरा बघून, "चहा घेता का आता तरी?"

चहा घेतला. मी त्यांना म्हटलं, पानं पुन्हा लिहा; मनात असतीलच. त्यांनी मान हलवली. "आता कशाला? कळवायचं होतं ते कळवलं." मी दोन-तीनदा आग्रह केला. त्यांनी विषय बदलला. मला स्वतःचा इतका वैताग आला की काय सांगू. माझ्या हातात ती पानं होती. मी ती वाचली होती. जिच्या घरात मयत झाली ती बाई समोर राहते हे मला माहीत होतं, मी तिच्याकडे बसून आले होते, आणि तिने स्पष्ट मराठीत लिहिलेलं मला कळलं नाही. कारण मी शेळी बघत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात भाभींचे यजमान सुट्टीवर आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. चौथ्या दिवशी दार वाजवून म्हणाले, "त्या वह्या मिळतील का?" मी अकराही दिल्या. नवव्या वहीत मधोमध टाचण्यांची भोकं होती, ती मी मुद्दाम दाखवली. ते भोकांकडे जरा वेळ बघत राहिले, मग वही बंद केली.

दहा दिवसांनी वह्या परत आल्या. नवरा घरी होता. मी त्यांना बसवलं. आता मात्र खरा वाचक, असं माझ्या मनात आलं. आयुष्य जहाजावर काढलेला माणूस. कप्तानाचं एकटेपण याला कळणार नाही तर कुणाला?

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे," ते म्हणाले. मग अवघडून, "एक विचारू? हा कप्तान झोपतो कधी? सारखा आपला वर उभा."

"झोपत असेल, लिहिलं नाही."

"आणि बारा वर्षांत कुणी रंग काढत नाही, गंज खरवडत नाही. जहाजावर निम्मं काम तेच. आणि शेवटी तो एकटा राहतो म्हणता. एकट्याला एवढं मोठं जहाज कसं नेता येईल? खाली इंजिनात कुणीतरी असणारच. निदान दोघं. त्यांचं काय झालं?"

माझ्या कप्तानाचं ते मरण! पंधरा वर्षांचं माझं रडणं! आणि हा माणूस मला विचारतोय, इंजिनात कोण होतं.

"बरोबर!" नवरा आतून ओरडला. "मी केव्हापासून सांगतोय, त्यात तांत्रिक चुका आहेत!"

"तू गप्प बस, तू वाचलेलंसुद्धा नाहीस!" मी ओरडले. भाभींचे यजमान घाबरून उठले. मी त्यांना परत बसवलं आणि चहा टाकायला आत गेले. गॅस पेटवला आणि तशीच उभी राहिले, कारण ते दोघं खाली इंजिनात आता मलाही दिसायला लागले होते आणि त्यांना बाहेर कसं काढावं ते मला सुचत नव्हतं.

सुट्टी संपवून जाताना त्यांनी वह्या बोटीवर न्यायची परवानगी मागितली. तिथे मराठी वाचणारी चार-पाच माणसं होती. मी दिल्या. वर्षाने दहा परत आल्या, सातवी कुठल्याशा बंदरात राहिली. कागदांना तेलाचा वास येत होता. शेवटच्या कोऱ्या पानांवर नवे अभिप्राय होते, कुणाचे मालवणीत, कुणाचे हिंदीत. एकाने लिहिलं होतं, "स्टोरी चांगली. कप्तान फालतू." दुसऱ्याने नवव्या वहीत भोकांच्या बाजूला लिहिलं होतं, "इथे काहीतरी होते असे सेकंड साहेब सांगतात. त्यांनी तोंडी सांगितले. तेच सगळ्यात बरे आहे."

सर तोपर्यंत मुलाकडे सांगलीला गेले होते. नाहीतर त्या वाक्यालाही त्यांनी गुण दिले असते, आणि मला खात्री आहे, माझ्यापेक्षा जास्त.